मूठ कुणाची, हात कुणाचा

पोस्ट मोठी आहे. विषय आपल्या तालुक्याचा आहे, आणि त्याहून जास्त आपल्या पोरांचा. सवड काढून वाचा राजेहो.

जळगाव जामोद, संग्रामपूर भागात बातमीदारी करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक प्रेसनोट हमखास सापडते. 'देशी बनावटीचे पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त.' सोबत फोटो. टेबलावर पिस्तूल, मागं पोलीस पथक, मध्ये तोंडाला रुमाल बांधलेला एखादा पोरगा. आपण बातमी लावतो. लोक आरोपीचं गाव वाचतात, वय वाचतात आणि पुढं सरकतात. माझं म्हणणं आहे, पुढच्या वेळी त्या फोटोतल्या पिस्तुलाची मूठ बघा. सगळा इतिहास तिथं आहे.

हत्यार कुठलंही असो, पहिला प्रश्न घामाचा असतो. कास्तकाराला हे सांगायची गरज नाही. कुऱ्हाडीचा नवा दांडा गुळगुळीत असला की माणूस तळहाताला माती चोळतो, नाहीतर दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो. हात सटकला की कुऱ्हाड लाकडावर नाही, पायावर येते. तलवारीचं तेच, पिस्तुलाचंही तेच. हातात पक्कं न बसणारं हत्यार समोरच्यापेक्षा धरणाऱ्यालाच जास्त धोक्याचं.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी या प्रश्नाची फार सुंदर उत्तरं काढली होती. संग्रहालयात जुनी तलवार पाहिली की बरेच जण म्हणतात, मूठ एवढी लहान, म्हणजे तेव्हाच्या लोकांचे हात लहान असतील. तसं नाही. मूठ मुद्दाम आवळ ठेवलेली असे. मधे थोडी फुगीर, वर थाळीसारखी चकती, खाली आडवी दांडी. हात त्यात अडकून बसला की ओला असला तरी सहजासहजी सुटत नसे. मुठीवर सोन्याचांदीच्या तारेचं कोफ्तकाम असे. ते शोभेचं खरंच, पण पोलादाच्या गुळगुळीत पृष्ठाला त्यानं थोडा खरखरीतपणाही येई. पातं मुठीत पक्कं करायला लाखेसारखा चिकट मसाला भरत.

मराठ्यांना युरोपातून आलेली लांब, सरळ पाती आवडत. तिला ते फिरंग म्हणत. पण पातं परदेशी असलं तरी मूठ इथलीच बसवायची. पोलादी पिंजऱ्यासारखी, बोटं झाकणारी, आतून कापडाची गादी लावलेली. पातं कुठूनही येऊ दे, मूठ मात्र आपल्या हाताला जुळलीच पाहिजे, हे त्या लोकांना कळत होतं.

याचं टोक म्हणजे दांडपट्टा. त्यात मूठ हातात धरायची नसते, हातच मुठीत घालायचा असतो. कोपरापर्यंत जाणारं पोलादी आवरण, आत आडवी दांडी. हात सटकायचा प्रश्नच नाही. कट्यारीला दोन आडव्या दांड्या, वाघनखाला बोटात घालायच्या अंगठ्या. प्रत्येक हत्यार घडवताना कारागिरानं आधी हाताचा विचार केलेला दिसतो. २०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र जाहीर केलं. चांगलं झालं. ते घडवणाऱ्या हातांचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते आता सांगतो.

लढाई आपल्यापासून लांब नव्हती. २९ नोव्हेंबर १८०३ ला आपल्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची इंग्रज फौज भिडली. इंग्रजांच्या पुस्तकात तिला अरगावची लढाई म्हणतात. भोसल्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. पुढं १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. फौजा गेल्या, की फौजांवर जगणारे कारागीर आपोआप उघडे पडतात.

त्या कारागिरांमध्ये एक जमात शिकलगारांची. शिकलगार म्हणजे शस्त्र घासून चकाकी देणारा, धार लावणारा. शब्द अरबी-फारसीतून आलेला. महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची मुस्लिम कुटुंबं आहेत, मध्य भारतात शीख शिकलगार आहेत, त्यांना सिकलीगरही म्हणतात. सहावे गुरू हरगोविंद आणि दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या फौजांसाठी आपल्या पूर्वजांनी शस्त्रं घडवली, असं शीख शिकलगार अभिमानानं सांगतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग बऱ्हाणपूरहून नांदेडला गेले. म्हणजे ही परंपरा आपल्या मुलखाला अनोळखी नाही.

मग आलं १८७८ साल. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्यानं देशी माणसाचा हात. दुसरा तो आर्म्स अ‍ॅक्ट. भारतीयाला हत्यार बाळगायला आणि बनवायला परवाना लागणार, युरोपियनांना त्यातून सूट. पुढं काँग्रेसनं अधिवेशनांत या भेदभावाविरुद्ध ठराव केले. चर्चा झाली ती हत्यार बाळगणाऱ्याच्या हक्काची. बनवणाऱ्याच्या पोटाची झाली नाही. पिढ्यानपिढ्यांच्या कसबाला कागदावरच्या एका सहीनं मूठमाती मिळाली.

तिकडं युरोप-अमेरिकेत याच काळात पिस्तुलाच्या मुठीवर काम चाललं होतं. इंग्लंडमधल्या जुन्या पिस्तुलांच्या अक्रोडाच्या मुठीवर बारीक चौकटींची खाचणी करत, म्हणजे हातमोजा असो की घाम, पकड सुटू नये. अमेरिकेतल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या वळणदार मुठीला तिथले लोक आजही नांगराची मूठ म्हणतात. आपलं रुमणं आठवा, तेच वळण. अमेरिकन सैन्यानं १९११ मध्ये घेतलेल्या पिस्तुलात पहिल्या महायुद्धाच्या अनुभवावरून १९२० च्या दशकात बदल केले. मुठीची पाठ तळहातात भरेल अशी फुगवली आणि घोडा मागं येताना अंगठ्याजवळची कातडी चावू नये म्हणून वरचा भाग लांबवला. इंग्रज अधिकाऱ्यांनी तर साधाच उपाय केला. मुठीच्या बुडाला कडी आणि कडीतून गळ्याखांद्याला दोरी. हात सुटला तरी रिव्हॉल्व्हर जमिनीवर पडत नाही. आपल्या पोलिसांच्या गणवेशात ती दोरी आजही दिसते.

आणि आपल्याकडं? २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हातातलं पिस्तूल ब्राउनिंग होतं, लंडनहून लपवून पाठवलेल्या खेपेतलं. ब्राउनिंग पिस्तुलं बेल्जियममधल्या कारखान्यात बनत. ज्या मुलखानं परदेशी पात्याला आपली मूठ बसवली, त्याच मुलखातल्या अठरा वर्षांच्या पोराच्या हातात आता पातंही परदेशी आणि मूठही परदेशी. १८७८ च्या कायद्यानं काय केलं, ते यातून कळतं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा आर्म्स अ‍ॅक्ट आला. परवाना पद्धत राहिली आणि ती राहायलाच पाहिजे, यात मला शंका नाही. पण शिकलगारांच्या कसबाला उजळ माथ्याचं काम कुणी दिलं नाही. बरेच जण कुलपं-किल्ल्या, कढया, बादल्या, विळे-कोयत्यांवर आले. कारखान्याचा स्वस्त माल बाजारात आला तसं तेही आटलं. काही वस्त्या मग त्या एकाच कामावर येऊन थांबल्या, ज्याचे पैसे आजही लगेच मिळतात. सातपुड्याच्या पलीकडं बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं खकनार तालुक्यातलं पाचोरी आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला लागून असलेलं बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी ही गावं आज पोलीस डायरीत कशासाठी ओळखली जातात, हे वेगळं सांगायला नको. तिथला प्रत्येक माणूस गुन्हेगार नाही, हेही इथंच स्पष्ट लिहितो. अख्ख्या जमातीवर शिक्का मारायचं काम इंग्रजांनी पुष्कळ केलं, ते आपण पुढं चालवू नये.

आता त्या फोटोतल्या मुठीकडं परत या. दोन पट्ट्या, दोन स्क्रू. ती कुणाच्या हातासाठी घडलेली नाही, कारण बनवणाऱ्याला घेणारा कोण ते माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. त्याच्यावर चाचणी नाही, शिक्का नाही, जबाबदारी नाही. देशी कट्टा हातातच फुटून बोटं गेल्याच्या बातम्या देशभर येतात, त्या याचमुळं. ज्यांच्या पूर्वजांनी हात सटकू नये म्हणून मुठीला गादी लावली, त्यांचेच वंशज आज धरणाऱ्याच्या हाताची पर्वा नसलेली वस्तू बनवतायत. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

आणि ती धरतं कोण? आपलं पोरगं. विकतही घेत नाही कधी कधी, रीलसाठी मित्राकडून दहा मिनिटं घेतं. बापहो, कायदा घरात वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद. बनवणं-विकणं किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. लग्नात-वरातीत कुणाचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग हत्यार परवान्याचं का असेना. 'माझं नव्हतं, फक्त धरलं होतं' हे कोर्टात पुरत नाही.

पोराला पिस्तूल धरायचीच हौस असेल तर तिलाही सरळ रस्ता आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं. नेमबाजीत आशियाई वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या खेळात मूठ म्हणजे निम्मी विद्या. लाकडी मूठ खेळाडूच्या तळहाताप्रमाणं घासून, भरून बसवतात, घामासाठी खरबरीत करतात. नियम असा की मुठीनं मनगटाला आधार द्यायचा नाही. दांडपट्ट्याच्या अगदी उलट. इथं मनगट स्वतःचं आणि मोकळं पाहिजे. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्यानं डावा हात तयार केला आणि १९४८ च्या लंडन, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. पकड हातात नंतर येते, आधी सरावात येते.

शेवटचा मुद्दा सरकारसाठी, दोन्ही राज्यांच्या. गेल्या काही वर्षांत खासगी उद्योगाला बंदुका बनवायचे परवाने मिळू लागले. मध्य प्रदेशातच ग्वाल्हेरजवळ मालनपूरला असा कारखाना आहे. भांडवल असलेल्याला दार उघडलं, त्याला माझी हरकत नाही. पण त्याच राज्यात ज्यांच्या हातात कित्येक पिढ्यांचं कसब आहे, त्यांच्यासाठी फक्त छापा आहे. त्यांना बंदुकीचे परवाने वाटा असं मी म्हणत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र द्या, लेथवर बसवा, शेती अवजारांच्या कारखान्यात घ्या. दांडपट्टा राज्यशस्त्र केलाच आहे, तर शाळांना आणि मर्दानी खेळांच्या आखाड्यांना लागणारे बोथट पट्टे यांच्याकडून घडवून घ्या. छापे पडले पाहिजेत, पण नुसत्या छाप्यांनी भट्टी विझत नाही, जागा बदलते.

मृगात ज्या हातानं चाड्यावर मूठ धरायची, त्या हातात कट्टा दिसतोय. ज्या हातानं विळा घडवायचा, तो लपून कट्टा घडवतोय. डोंगराच्या दोन बाजूंचे हे दोन बेकार हात आहेत. एकाची बातमी मी अधूनमधून लावतो. दुसऱ्याची आजवर कुणी लावली नाही, म्हणून हे लिहिलं.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन. शिव्या नको.