सुट्या पानांची कुळकथा

रेल्वेच्या नियमपुस्तकांना करेक्शन स्लिपा चिकटवायची जुनी पद्धत आहे. नियम बदलला म्हणून अख्खं पुस्तक नव्याने छापत नाहीत. बदललेल्या मजकुराची चिठ्ठी येते, ती जागच्या जागी डकवायची आणि नोंद ठेवायची. बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या रेल्वे गेटावर गाडीची वाट बघत थांबणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण फाटक कधी मिटायचं आणि कधी उघडायचं हे सांगणारी पुस्तकंही अशीच ठिगळं लावत चालतात. संगणकाच्या मॅन्युअलची वंशावळ इथून सुरू करावी असं मला वाटतं. मॅन्युअल कागदावरून सीडीच्या तबकडीवर जाण्याची गोष्ट नेहमी ‘केवढी जागा वाचली’ या कौतुकाने सांगतात. जागा वाचली हे खरंच, पण मूळ दुखणं जागेचं नव्हतं. ते या चिठ्ठ्यांचं होतं.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. एकाच कुळातली लहानमोठी यंत्रं, सगळ्यांना चालेल असा एकच आज्ञासंच, आणि हे सगळं ग्राहकाला समजावून सांगणारी पुस्तकांची फौज. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असे. यंत्राच्या कार्यतत्त्वांच्या पुस्तकाचा होता ए२२-६८२१-०. शेवटचा आकडा आवृत्तीचा, नवी आवृत्ती निघाली की तो एकाने वाढे. मात्र दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात यंत्र आणि आज्ञावली काही गप्प बसत नसत. म्हणून पुस्तकं शिवून न बांधता कड्यांच्या बाइंडरमध्ये सुटी पानं घालून ठेवायची. बदल झाला की टपालाने पानांचा गठ्ठा यायचा, सोबत फर्मान: अमुक पानं काढा, तमुक घाला. बदललेल्या ओळींशेजारी समासात उभी रेघ छापलेली असे, म्हणजे नवं काय ते नजरेला लगेच सापडावं. आपल्याकडच्या पोथ्याही सुट्या पानांच्याच, पण पोथीतलं पान बदलायला कुणी टपालाने सांगत नव्हतं.

या पानांनी किती छळलं याची सगळ्यात बोलकी साक्ष ग्राहकाची नाही, खुद्द आयबीएमच्या माणसाची आहे. ओएस/३६० या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात तो अनुभव लिहून ठेवला. प्रकल्पातल्या प्रत्येकाकडे सगळ्या कागदपत्रांची चालू स्थितीतली प्रत असावी, असा त्यांचा आग्रह. सहा महिन्यांत ती प्रत पाच फूट जाड झाली. रोज येणाऱ्या बदलांचा गठ्ठा सरासरी दोन इंचांचा, साधारण दीडशे पानांचा. ती दीडशे पानं योग्य जागी घालण्यातच कामाच्या दिवसाचा मोठा तुकडा जाऊ लागला. शेवटी त्यांनी मायक्रोफिश आणली. पोस्टकार्डाहून जरा मोठी फिल्म, तिच्यावर सूक्ष्म आकारात पानांच्या ओळी, आणि वाचायला भिंग-दिव्याचं यंत्र. प्रत्येक खोलीत असं एकेक यंत्र देऊनही दहा लाख डॉलर वाचले. तीन घनफुटांचा ऐवज घनफुटाच्या सहाव्या हिश्श्यात मावला. पुढे तबकडीच्या जाहिरातींत जे जे सांगितलं गेलं, ते सगळं इथे आधीच घडून गेलेलं आहे.

पण ब्रुक्स यांनी हिशेबाची दुसरी बाजूही मांडली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. पानं हाताने बदलण्याचा ताप होता खरा, पण त्या तापापायी बदल वाचला जात होता. जुनं पान काढून नवं घालताना माणूस समासातल्या रेघेकडे बघतोच. फिशची नवी फिल्म आली की जुनी काढायची, नवी ठेवायची. काय बदललं हे न बघताही काम पुरं होतं. शिवाय फिल्मवर पेन्सिलने खूण करता येत नाही. तबकडीने काय नेलं असं कुणी विचारलं, तर उत्तर तिच्या जन्माआधीच लिहून ठेवलेलं होतं.

१९७७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेकने व्हॅक्स हे यंत्र आणि त्याची व्हीएमएस ही प्रणाली आणली, तोवर ग्राहकाकडे येणारा ग्रंथसंभार मोजायचं माप फळीची लांबी हे झालं होतं. व्हीएमएसचा पूर्ण संच लाकडी पॅलेटवर लादून यायचा आणि सुमारे पंधरा फूट फळी अडवायचा. भाषांची आणि डेटाबेसची पुस्तकं वेगळीच. तिसऱ्या आवृत्तीत बाइंडर निळे, चौथीत नारिंगी, पाचवीत करडे. अभियंते त्याला ‘नारिंगी भिंत’, ‘करडी भिंत’ म्हणत, आणि त्या थट्टेत आदर किती होता हे त्यांचं त्यांना ठाऊक. भारतात ही यंत्रं अनोळखी नव्हती. १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्याच सीएमसीने १९८०च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकीय रेल्वे आरक्षण उभं केलं, तेही व्हॅक्सवर. स्लिपा डकवणाऱ्या रेल्वेच्या दारात ही बाइंडरांची भिंत अशी येऊन उभी राहिली.

तबकडी मुळात गाण्यांसाठी होती. फिलिप्स आणि सोनीची ऑडिओ सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर गाण्याऐवजी माहिती कशी लिहायची, याचा दंडक पाठोपाठ ठरला आणि १९८५च्या सुमारास वाचकयंत्रं मिळू लागली. मात्र चकतीवर फायली कशा मांडायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवत होती. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात मुकी. म्हणून १९८५च्या अखेरीस काही कंपन्यांचे लोक अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमले. त्यांत सोनी, फिलिप्स, मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि डेकही होते. त्यांनी जी मांडणी ठरवली तिला हॉटेलचंच नाव चिकटलं, आणि थोड्या फेरफारांनंतर १९८८ मध्ये ती आयएसओ ९६६० या नावाने जगाचा दंडक झाली.

साडेसहाशे मेगाबाइट म्हणजे किती? पानाला अडीच हजार अक्षरं धरली तर अडीच लाखांवर पानं. करडी भिंत एका चकतीत घातली तरी जागा उरायची. त्याहून मोठी सोय कारखान्यातली होती. काचेचा मूळ साचा बनवायला खर्च येतो, पण एकदा तो झाला की प्लास्टिकच्या प्रती छापणं स्वस्त. तबकडीवर दुरुस्ती लिहिताच येत नाही, हा तिचा दोष इथे गुण ठरला. बदल झाला की चिठ्ठी पाठवू नका, पान पाठवू नका, सगळंच्या सगळं पुन्हा पाठवा. टपालखर्च एका पाकिटाचा. एचपीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या एचपी ३००० यंत्रांच्या ग्राहकांसाठी ‘लेझररॉम’ ही सेवा काढली ती याच हिशेबावर. वर्गणी भरा, ठरावीक काळाने नवी तबकडी घ्या, जुनी फेकून द्या. डेकचं ‘बुकरीडर’, सनचं ‘आन्सरबुक’, विकासकांसाठी ॲपलच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या तबकड्या हे सगळे त्याच चार-पाच वर्षांतले भाऊबंद.

मजकूर कागदावरून उचलून चकतीवर ठेवला की काम संपलं असं मात्र झालं नाही. छपाईसाठी लिहिलेल्या मजकुरात ‘इथे जाड टाइप’, ‘इथे नवं पान’ अशा खुणा असत, आणि पडद्याला यांतलं काहीच नको होतं. हे शीर्षक आहे, ही सूचना आहे, ही आज्ञा आहे, असं मजकुराचं नातं सांगणाऱ्या खुणा हव्या होत्या. ती वाट आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब यांनी १९६९ मध्ये एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या सहकाऱ्यांसोबत काढलेली होती. गोल्डफार्ब शिक्षणाने वकील, आणि मूळ कामही वकिलांच्या कचेरीतल्या कागदपत्रांचं! त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हा जागतिक दंडक झाला. वेबपानांची एचटीएमएल त्याच घराण्यातली.

मग आला शोध. पडद्यावर त्रुटीचा क्रमांक टाइप करायचा, तो जिथे जिथे आहे ती पानं समोर. पहिली वाचकयंत्रं संथ होती. तबकडीवर एका जागेवरून दुसरीकडे जायला त्यांना अर्धा-एक सेकंद लागे, म्हणून शब्दांची सूची आधीच तयार करून चकतीवर कोरलेली असे. रात्री दोन वाजता बंद पडलेल्या यंत्रासमोर उभ्या माणसाला हे वरदानच होतं, यात शंका नाही. पण शोधाला शब्द द्यावा लागतो, आणि अडलेल्या माणसाकडे नेमका तोच शब्द नसतो. बाइंडर चाळताना शेजारच्या पानावर जे फुकट सापडायचं, ते सापडायचं थांबलं. जुन्या पुस्तकांमागची माणसाने बनवलेली सूची ‘तुला हे म्हणायचंय का’ असं विचारायची. तिची किंमत ती गेल्यावर कळली.

आपल्याकडे या स्थलांतराचा अर्थ जरा निराळा झाला, आणि त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. कागदी मॅन्युअल हे चोरीविरुद्धचं कुलूपही होतं. फ्लॉपी उतरवायला मिनिट पुरतं, पाचशे पानांची झेरॉक्स काढायला पैसे मोजावे लागतात. काही खेळ तर सुरू होताना अमुक पानावरचा तमुक शब्द विचारायचे. मदतीचा मजकूर प्रोग्रॅमसोबत तबकडीवर गेला तसं हे कुलूप निखळलं. बेळगावसारख्या गावात बोर्लंडच्या टर्बो सीचं मूळ छापील पुस्तक विकत घेणारा विद्यार्थी विरळा. पण टर्बो सी उघडून फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवायचा आणि कंट्रोल-एफ१ दाबायचं, हे पोराटोरांनाही येत होतं. पुढे मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ ६ आला, त्याची मदतीची एमएसडीएन लायब्ररी वेगळ्या सीड्यांवर. त्या टाकलेल्या नसल्या की एफ१ला उत्तर यायचं, एमएसडीएनचा संग्रहच नाही, पुन्हा बसवा. पुस्तक विकत न घेता पुस्तक वाचलेली अख्खी पिढी अशी तयार झाली. ते कायद्याला धरून होतं असं मी म्हणणार नाही. पण इथल्या पोरांचं शिक्षण बऱ्याच अंशी त्यावर झालं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

तबकडीचं राज्य फार टिकलं नाही. १९९३ मध्ये ॲडोबीने पीडीएफ आणलं, त्याने छापील पानाचं रूपडं जसंच्या तसं पडद्यावर आणून बसवलं. मग इंटरनेटवरून फायली उतरू लागल्या. बाद तबकड्या शेतात पाखरं हाकायला टांगल्या गेल्या. आता मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, रात्रीत बदलतो, आणि समासात रेघ ओढून तसं सांगण्याची सक्ती कुणावरच नाही. पुष्कळदा आवृत्तीचा आकडाही नसतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपवाल्यांना मात्र एक गोष्ट माहीत असलेली बरी. युरोपात यंत्र विकताना सूचनापुस्तिका कागदावरच द्यायची, असाच तिथल्या जुन्या निर्देशाचा अर्थ लावला जात असे. २०२३च्या नव्या नियमाने, क्रमांक २०२३/१२३०, डिजिटल पुस्तिकेला मोकळीक दिली. जानेवारी २०२७ पासून तो लागू होतो. अट अशी की ती उतरवून घेता आली पाहिजे, छापता आली पाहिजे, आणि यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, निदान दहा वर्षं तरी, ऑनलाइन उपलब्ध राहिली पाहिजे. गिऱ्हाइकाने कागदी प्रत मागितली तर ती फुकट द्यायची, महिन्याच्या आत. मात्र ही मागणी त्याने खरेदीच्या वेळीच करायला हवी.