टक्का म्हणजे संख्या नव्हे

‘काउंट वाढलाय, म्हणजे इन्फेक्शन आहे.’ रक्ताच्या तपासणीचा कागद घरात आला की पाठोपाठ हे वाक्य येते. पुढची सूत्रेही ठरलेली आहेत: न्यूट्रोफिल वाढले तर जीवाणू, लिम्फोसाइट वाढले तर व्हायरल, इओसिनोफिल वाढले तर ॲलर्जी नाहीतर जंत. पांढऱ्या पेशींच्या पाच जातींपुढच्या टक्क्यांत एखादा आकडा ठळक छापलेला असला की निदान झाले, आणि सगळे साध्या अक्षरांत असले की काळजी मिटली, असा हा सार्वत्रिक समज आहे. त्याची दोन्ही टोके चुकीची आहेत आणि ही चूक रुग्णाला महागात पडते, असे माझे म्हणणे आहे.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. हा समज हवेतून आलेला नाही. पाउल एर्लिक यांनी १८७९ च्या सुमारास ॲनिलीन रंगांनी रक्ताचे थर रंगवले आणि तोवर सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या. इओसिन हा रंग घेणारी ती इओसिनोफिल, अशी नावे रंगांवरूनच पडली. १८८२ मध्ये मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा खुपसला, तेव्हा भटक्या पेशी त्या काट्याभोवती जमलेल्या त्यांना दिसल्या. १९०८ चे नोबेल या दोघांना विभागून मिळाले. जीवाणूंचा हल्ला झाला की न्यूट्रोफिल धावून जातात, हे तेव्हापासून पक्के झालेले ज्ञान आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यावरून काढलेल्या अनुमानावर.

आपल्या नैयायिकांनी हा दोष फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण ती उलटवता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच, जीवाणूसंसर्गात न्यूट्रोफिल वाढतात म्हणून न्यूट्रोफिल वाढले तिथे जीवाणूसंसर्ग आहेच, असे ठरत नाही. रक्तवाहिन्यांतले साधारण निम्मे न्यूट्रोफिल भिंतींना चिकटून असतात आणि सुईने काढलेल्या रक्तात ते मोजले जात नाहीत. जोराचा व्यायाम, भीती, वेदना किंवा प्रसूतीच्या कळा यांनी ते सुटून प्रवाहात येतात आणि काउंट चढतो. दम्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्याचा काउंट औषधानेच वाढतो. हृदयविकाराचा झटका, भाजणे, गर्भारपण, धूम्रपान यांतही तो वाढतो. ही झाली अतिव्याप्ती. अव्याप्तीही आहे. टायफॉइड हा जीवाणूंचाच आजार. पण त्यात काउंट अनेकदा सामान्य राहतो, नाहीतर उतरतो. म्हणजे वाढ दिसली तरी जीवाणू नसतील, आणि वाढ नसली तरी असतील.

याहून खोलवरची चूक टक्क्यातच दडलेली आहे. पाची जातींची बेरीज नेहमी १०० भरते, त्यामुळे एक जात घटली की दुसरीचा टक्का आपोआप फुगतो. तापाच्या एका रुग्णाचा अहवाल कल्पून पाहू: एका घन मिलिमीटरमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ३,०००, न्यूट्रोफिल ३५ टक्के, लिम्फोसाइट ५५ टक्के. ५५ हा आकडा ठळक छापला जाईल आणि घरात ‘लिम्फोसाइट वाढलेत’ अशी चर्चा होईल. गुणाकार केला तर लिम्फोसाइट १,६५० भरतात. प्रौढांची सामान्य मर्यादा साधारण १,००० ते ४,००० आहे, म्हणजे वाढ मुळीच नाही. न्यूट्रोफिल मात्र १,०५० आहेत, आणि १,५०० च्या खाली ते कमी समजले जातात. घटना घटीची आणि बातमी वाढीची! डेंग्यूच्या तापात असा अहवाल अनेकदा येतो.

आता उलट टोक. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची एकूण संख्या ६०० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के. ६० हा टक्का अगदी सामान्य, साध्या अक्षरांत छापलेला. पण प्रत्यक्ष न्यूट्रोफिल उरले ३६०. ५०० च्या खालच्या या अवस्थेत ताप आला तर ती आणीबाणी असते. त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते. टक्का पाहून निर्धास्त झालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

मोजणीलाही स्वतःच्या मर्यादा आहेत. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकातून सहसा १०० पेशी मोजतात. त्यांत ५ इओसिनोफिल आढळले, तर रक्तातले खरे प्रमाण साधारण दीड ते अकरा टक्के यांत कुठेही असू शकते. हा तंत्रज्ञाचा दोष नव्हे, नमुन्याचा गणिती स्वभाव आहे. मागच्या महिन्यात ४ होते, आता ७ झाले म्हणून हवालदिल होण्यात अर्थ नाही. यंत्र हजारो पेशी मोजते, म्हणून अधिक स्थिर असते. पण छोट्या लॅबमधले थ्री-पार्ट यंत्र इओसिनोफिल, मोनोसाइट आणि बेसोफिल बहुधा एकाच ‘मिड’ गटात घालते.

‘नॉर्मल रेंज’ ही तर निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची पट्टी असते. प्रत्येक चाचणीत विसातला एक निरोगी माणूस पट्टीबाहेर पडणारच. शिवाय पट्टी कोणाची, हेही पाहावे लागते. दोन वर्षांच्या बाळाच्या रक्तात ६० टक्के लिम्फोसाइट असणे स्वाभाविक आहे. चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचेच प्राबल्य असते. प्रौढांच्या पट्टीने मोजले तर तेच बाळ आजारी ठरते.

‘मग ही तपासणी करायचीच कशाला?’ असा प्रश्न येईल. मी तपासणीच्या विरोधात नाही, तिच्या अवमूल्यनाच्या विरोधात आहे. नीट वाचली तर ती फार मोठी साक्षीदार आहे. रात्रीचा खोकला आणि धाप घेऊन येणाऱ्या रुग्णांत इओसिनोफिल हजारोंनी वाढलेले पाहून वाइनगार्टेन यांनी १९४३ मध्ये ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’चे वर्णन केले, पुढे त्यामागे हत्तीरोगाचे कृमी असल्याचे उलगडले. विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या टापूत हा आकडा आजही बोलका आहे, कारण दमा समजून वर्षानुवर्षे पंप ओढणारा रुग्ण त्यामुळे योग्य औषधापर्यंत पोहोचू शकतो. उतारवयात लिम्फोसाइट सतत ५,००० च्या वर राहणे, काचपट्टीवर अपरिपक्व ब्लास्ट पेशी दिसणे, या रक्ताच्या कर्करोगाच्या हाका असू शकतात. त्या ऐकण्यासाठी नजर टक्क्यावरून उठून संख्येवर आणि काचपट्टीवर जायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तालुक्याच्या गावी कल्चरची सोय नाही, पैसे नाहीत, रुग्ण तापलेला आहे; डॉक्टरने काउंटवर भरवसा ठेवू नये तर कशावर? ही अडचण खरी आहे. पण साधने तोकडी असतील तिथे हाती असलेले साधन अधिक काळजीने वाचावे लागते. रुग्ण धापा टाकत असेल, ग्लानीत असेल, तर काउंट कितीही असो, उपचार थांबत नाहीत. तो चालता-बोलता असेल, तर एक-दोन दिवसांनी हीच स्वस्त तपासणी पुन्हा करता येते, आणि दोन अहवालांतला फरक एका अहवालातल्या ठळक अक्षराहून खूप अधिक सांगतो. केवळ ११,५०० च्या काउंटवर प्रतिजैविक सुरू करणे म्हणजे अंधारात बाण मारणे. त्याचा घाव शेवटी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपाने साऱ्या समाजावर येतो.

म्हणून सिद्धान्त एवढाच: आधी एकूण संख्या, मग टक्क्याशी तिचा गुणाकार, मग वय, चालू औषधे आणि जुना अहवाल, आणि या सगळ्याच्या वर समोरचा रुग्ण. प्रत्येक लॅबने टक्क्याशेजारी प्रत्यक्ष संख्या छापावी. अनेक लॅब आज छापतातही, पण त्या ओळीकडे कोणी पाहत नाही. ती ओळ नसेल तर एकूण संख्येला टक्क्याने गुणा आणि १०० ने भागा. सातवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. कागद घेऊन डॉक्टरांकडे जाताना ते करून जा, आणि ‘काय वाढलंय?’ असे विचारण्याऐवजी ‘प्रत्यक्षात किती आहेत?’ असे विचारा.