तेल गेले, गिअरही गेला?

जुन्या वस्तूला हात लावू नये, हे आमच्या घराण्याच्या घटनेतले पहिले कलम आहे. आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ वडिलांनी कधीही साफ करायला दिले नाही. म्हणायचे, "उघडलं की बंद पडेल." ते न उघडताच बंद पडले, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे परवा रात्री साडेअकराला टेक्सासहून भाच्याचा फोन आला, तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस पृथ्वीवर दुसरा नव्हता.

"मामा, माझ्या पिकअप ट्रकचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलू का? एक लाख ऐंशी हजार मैल झालेत. तेल तपकिरी पडलंय. पण इथे सगळे म्हणतात, जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स मरतो."

त्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि त्या ट्रकवर तो सामान पोचवण्याचे काम करत होता. गिअरबॉक्स नवा बसवायचा तर अख्ख्या ट्रकच्या किमतीहून जास्त खर्च. मी बी.कॉम. असल्यामुळे एवढा हिशेब मला लगेच कळला. बाकी काही कळले नाही. "उद्या सांगतो," म्हणून मी फोन ठेवला.

आता पिंपळगाव राजात ऑटोमॅटिक गिअरची चौकशी करणे म्हणजे वाळवंटात छत्री दुरुस्त करणारा शोधण्यासारखे आहे. इथे आपोआप होणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे वीज जाणे. पण ट्रकचे आणि आमच्या बँकवाल्यांचे नाते जुने आहे. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. 1969 साली करार संपला आणि ट्रकच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली. नेमक्या त्याच साली, 19 जुलैला, 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ट्रकसाठी छोट्या माणसालाही कर्ज मिळू लागले. म्हणजे ट्रक स्वदेशी झाला, बँक सरकारी झाली आणि दोघांचेही तेल कोणी बदलायचे हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला.

मिस्त्रीकडे जाण्याआधी मी थोडा इतिहास वाचून घेतला. अज्ञान उघडे करायचे असले तरी नीट इस्त्री करून करावे.

बिनक्लचचा हा गिअर अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' या नावाने 1940 सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत आणला. पुढे महायुद्धात तो रणगाड्यांतही बसला. आपल्या ट्रकच्या गिअरबॉक्समधले तेल साधेसुधे सरकारी नोकर असते. दात झिजू द्यायचे नाहीत आणि ताप वाढू द्यायचा नाही, की काम संपले. क्लच वेगळा आणि कोरडा. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेलच सारे करते. त्याच्या दाबाने चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. चकत्या तेलात बुडालेल्या, तरी त्यांनी एकमेकींना धरायचे. जरा जास्त निसरडे झाले की घसरतात, कमी झाले की हिसका देतात. एकत्र कुटुंबात सुनेने नेमके किती बोलावे, असा हा नाजूक मामला.

म्हणून 1949 साली जनरल मोटर्सने या तेलाचा स्वतंत्र नियम ठरवला. इंजिनच्या तेलात घोटाळा होऊ नये म्हणून त्याला पुढे तांबडा रंग देऊ लागले. आणि चकत्यांनी अलगद धरावे म्हणून त्यात काय घालत? देवमाशाचे तेल! एका जातीच्या देवमाशाच्या डोक्यात आणि चरबीत मिळणारे हे तेल तापले तरी लवकर बिघडत नसे. मोठमोठ्या गाड्यांतून गुळगुळीत फिरणाऱ्या अमेरिकन माणसाच्या पायाखाली समुद्रातला एक जीव वितळत होता. 1970 साली अमेरिकेने हा देवमासा नामशेष होण्याच्या यादीत घातला, आयातीवर बंदी आली आणि तेल कंपन्यांची धावपळ उडाली. रसायने शोधली, होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांचेही तेल पुढे आले. देवमाशाविना गाड्या बंद पडतील, असे म्हणणारे आमच्या वडिलांचेच कोणी लांबचे नातेवाईक असावेत. गाड्या चालूच आहेत.

एवढी विद्या बरोबर घेऊन मी मिस्त्रीच्या टपरीवर गेलो. तो एका म्हाताऱ्या ट्रकखाली आडवा होता. नटाला चिकटलेल्या लोखंडाच्या किसाला मिशा फुटल्या होत्या. मी देवमाशापासून सुरुवात केली. तो शांतपणे ऐकत राहिला. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,

"सायेब, तेल बदल्ल्यानं गेर मरत नाई. गेर मरायले टेकला, का मंग लोकाईले तेल आठोते."

मी तिथेच त्याच्या उलट्या बादलीवर बसलो. वीस वर्षे कर्जाच्या फायली चाळून मला हे सुचले नव्हते. हप्ते थकून, घर गहाण पडून, मग माणूस आमच्याकडे येतो आणि म्हणतो, "काहीतरी करा." आम्ही काहीतरी करतो. तो तरी बुडतो, आणि गावभर होते, बँकेने बुडवला. शेवटच्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात नेलेल्या माणसाचेही तसेच.

"मग त्याने बदलावं का?"

"घसरत असन, तर तेल दवा नोय, गेर उघडा लागन. घसरत नसन, तर बदला. पण एकदम पुरं काहाडू नका. जेवढं खालून निंघते तेवढं काहाडा, कंपनीनं सांगतलं तेच टाका, थोडं चालवा, मंग पुन्हा."

हे त्याचे बोलणे शास्त्राला धरूनच निघाले. ऑटोमॅटिकच्या तळाचे झाकण उघडले तरी सगळे तेल निघतच नाही, बरेचसे आत टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून दोन-तीनदा थोडे थोडे बदलायचे. यंत्राने जोर लावून सगळे धुऊन काढण्याचा हट्ट म्हाताऱ्या गिअरबॉक्सवर करू नये. साठलेला गाळ हलून भलतीकडे अडकू शकतो.

भाच्याला विचारले, घसरतो का? नाही म्हणाला. महिनाभरात त्याने तीन खेपांत तेल बदलले. पहिल्या खेपेला चहासारखे निघाले, तिसऱ्या खेपेला कोकमसारखे. ट्रक अजून चालतो आहे. उद्या थांबला तर दोष मिस्त्रीचा नाही, एवढे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे.

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "आणि तुमच्या साखरेची तपासणी? दोन वर्षं म्हणताय, तपासलं की निघतेच."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. निघाली. थोडीच. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात."

संध्याकाळी आजोबांचे घड्याळ भिंतीवरून उतरवले आणि पिशवीत घातले. शनिवारी खामगावला जायचेच आहे.