शेअर बाजाराची बोली : नवख्यांसाठी काही शब्द

शेअर बाजारात नव्याने उतरणाऱ्या गुंतवणूकदाराची पहिली अडचण पैशांची नसते, तर भाषेची असते. मुंबईच्या शेअर बाजाराची स्थापना १८७५ साली झाली. तेव्हापासून दलाल स्ट्रीटवर गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून एक स्वतंत्र बोलीच तयार झाली आहे. या बोलीतील एखाद्या शब्दाचा अर्थ न समजल्यास नुकसान होते ते खिशाचे. म्हणूनच नेहमी कानावर पडणाऱ्या काही शब्दांची ही ओळख.

तेजीवाले आणि मंदीवाले : भाव वाढतील या अपेक्षेने खरेदी करणारा तो तेजीवाला, म्हणजेच 'बुल'. भाव उतरतील असे मानून विक्री करणारा तो मंदीवाला, म्हणजेच 'बेअर'. बैल शिंगांनी वर उडवतो आणि अस्वल पंजाने खाली दाबते, असे या नावांचे स्पष्टीकरण दिले जाते.

डिलिव्हरी आणि इंट्रा-डे : पूर्ण पैसे मोजून शेअर आपल्या डिमॅट खात्यात घेणे म्हणजे डिलिव्हरी. जानेवारी २०२३ पासून सर्व शेअर्सचे व्यवहार सौद्यानंतरच्या पुढील कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतात. एकाच दिवशी खरेदी-विक्री करून सौदा मिटवणे म्हणजे इंट्रा-डे, आणि मिटवण्याच्या क्रियेला 'स्क्वेअर ऑफ' म्हणतात.

शॉर्ट करणे : हातात शेअर नसताना आधी विक्री आणि नंतर खरेदी. समजा, १०० शेअर ५०० रुपयांना विकले आणि ४८० रुपयांना परत घेतले, तर दलाली व कर वगळता दोन हजार रुपये नफा होतो. भाव ५४० वर गेला तर मात्र चार हजारांचा तोटा. भाव शून्याच्या खाली जात नाही, परंतु वर जाण्यास त्याला मर्यादा नाही. म्हणूनच शॉर्ट करणाऱ्याचा संभाव्य तोटाही अमर्याद असतो.

सर्किट : बहुतेक शेअर्सच्या भावातील एका दिवसाच्या चढउतारावर २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. वरची मर्यादा गाठली की 'अप्पर सर्किट' आणि खालची गाठली की 'लोअर सर्किट' लागले असे म्हणतात. अप्पर सर्किटमध्ये विक्रेता मिळत नाही, तर लोअर सर्किटमध्ये ग्राहक मिळत नाही. म्हणजेच पडद्यावर भाव दिसत असूनही शेअर विकता येईलच असे नाही. निर्देशांकालाही सर्किट असते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १० टक्के कोसळताच व्यवहार ४५ मिनिटे थांबवण्यात आले होते.

अ‍ॅव्हरेज करणे : २०० रुपयांना घेतलेल्या शेअरचा भाव १५० वर आल्यावर तेवढेच शेअर पुन्हा घेतले, तर सरासरी भाव १७५ पडतो. कंपनी सुदृढ असेल तर हे शहाणपणाचे ठरू शकते. कंपनीच डबघाईला आली असेल, तर बुडत्या नावेत आणखी माल भरण्यासारखेच ते होय.

बदला : जुन्या गुंतवणूकदारांच्या तोंडी हा शब्द आजही असतो. शुल्क भरून सौदा पुढील सेटलमेंटपर्यंत ढकलण्याची ही पद्धत होती. 'सेबी'ने जुलै २००१ मध्ये ती बंद केली. पुढे तिची जागा बव्हंशी फ्युचर्स आणि ऑप्शन्सनी घेतली.

ऑपरेटर : आपसांत खरेदी-विक्री करून एखाद्या लहान कंपनीचा भाव कृत्रिमरीत्या 'चालवणारा'. भाव फुगवायचा, 'टिप' पसरवायची आणि नवखे धावून आले की आपल्याकडचा माल त्यांच्या गळ्यात मारायचा, अशी ही रीत. टिप आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती पसरवणारा बहुधा विक्रीच्या तयारीत असतो.

डब्बा : शेअर बाजारात नोंद न करता परस्पर, चिठ्ठीवर वा मोबाइलवर केलेला सट्टा. तो बेकायदा आहे. पैसे बुडाल्यास बाजाराच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागता येत नाही.

स्टॉप लॉस : तोट्याची मर्यादा आधीच ठरवून दिलेला आदेश. तो उपयुक्त आहे, परंतु सर्किट लागल्यास तोही निरुपयोगी ठरू शकतो.

'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक सटोडियांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. ही सारी मंडळी अडाणी होती असे नव्हे. शब्द माहीत असणे आणि त्यामागची जोखीम उमगणे यांत अंतर असते. तेव्हा एखादा शब्द कळला नाही तर दलालास विचारण्यात कमीपणा मानू नये, आणि उत्तर पटेपर्यंत सौदा करू नये.