पुण्याची मंडई : बाजाराचे स्थलांतर आणि किरकोळ विक्रेता

शहराच्या मध्यवस्तीतील एखादा बाजार उठला म्हणजे मागे राहिलेल्या जागेचे काय करावयाचे, या प्रश्नाचा विचार बहुधा इमारतीच्या अंगाने केला जातो. विक्रेत्याच्या अंगाने तो क्वचितच होतो. पुण्यात शनिवारवाडा व मंडई एवढ्या लहानशा परिसरात हा प्रश्न दोन वेळा उपस्थित झाला आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर निरनिराळे निघाले. म्हणून या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक ठरते.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला व १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती जळून गेल्या. राजसत्तेने सोडलेल्या या वाड्यापुढील पटांगणात भाजीबाजार भरू लागला. उघड्यावरील बाजारात बसणाऱ्यास मालापलीकडे फारसे भांडवल लागत नसे, हे त्याचे बलस्थान होय. पुढे नगरपालिकेने शुक्रवार पेठेत गॉथिक धाटणीची अष्टकोनी इमारत उभारली व १८८६ मध्ये ती खुली झाली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी मंडईवरील खर्चास विरोध केला होता. सार्वजनिक पैसा सामान्य जनांच्या शिक्षणाकडे वळावा, हा त्यांचा आग्रह होता. तथापि बाजार हलला. वाड्यापुढील मोकळ्या झालेल्या पटांगणात नवे व्यापारी आले नाहीत. ते सार्वजनिक सभांचे मैदान बनले.

दुसरा प्रसंग स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. शहर वाढले, मालमोटारींची वर्दळ मध्यवस्तीस असह्य झाली, आणि १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री अधिनियमाने घाऊक व्यापार बाजार समितीच्या नियंत्रणाखाली आणला. यथाकाल आडत व लिलाव गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले. या वेळी मात्र जुनी वास्तू व्यापारातून बाद झाली नाही. ती किरकोळ विक्रेत्यांकडे राहिली. आसपासच्या पेठांतून पायी येणारे रोजचे गिऱ्हाईक तुटले नव्हते, हेच याचे मुख्य कारण दिसते. परंतु माल गुलटेकडीस आणि गिऱ्हाईक पेठेत, अशी फारकत झाल्याने वाहतुकीचा भार विक्रेत्याच्या माथी आला.

तेव्हा वास्तू टिकली म्हणजे विक्रेता टिकला, असे समीकरण मांडता येत नाही. त्याला परवडणारे भाडे, मालाची सोय आणि गिऱ्हाइकाचे सान्निध्य या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. सुधारणेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा फुल्यांच्या विरोधातून निघणारा प्रश्न येथे पुन्हा पुढे येतो. ज्या मंडईस त्यांनी विरोध केला, तिलाच पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांचे नाव देण्यात आले. या नामकरणाने त्यांचा गौरव झाला, त्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले असून या परिसरातील जागेस नवे महत्त्व येत आहे. पुनर्रचनेच्या कोणत्याही योजनेत प्रथम हिशेब मांडावयास हवा तो ओट्यावर बसणाऱ्याचा.