पागा आणि पाऊस : दख्खनच्या घोड्यांच्या निगेचा इतिहास

मराठी मुलखात घोडा पाळणे हा मुळात चाऱ्याचा आणि पावसाचा प्रश्न होता. सह्याद्रीच्या पश्चिमेला चार महिने मुसळधार पाऊस, ओल, चिखल आणि माश्या. पूर्वेला देशावर कोरडी हवा घोड्याला मानवते, पण उन्हाळ्यात माळावर गवताची काडी उरत नाही. बैलाचे अशा मुलखात भागते. चार कप्प्यांच्या पोटात कडबा भरून तो निवांत रवंथ करतो. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, त्यामुळे त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. त्याला ओकता येत नाही. बुरसलेला चारा किंवा एकदम जास्त दाणा पोटात गेला, तर तो परत बाहेर पडण्याची सोय नाही. मग पोटशूळ उठतो आणि धडधाकट जनावर एका रात्रीत जाते. दख्खनमध्ये घोड्याच्या निगेची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी हे नाजूक पोट होते.

निगेचे शास्त्र देशात जुनेच होते. शालिहोत्र या ऋषीच्या नावावर अश्ववैद्यकाची सगळी परंपरा सांगितली जाते, आणि घोड्याच्या वैद्याला मराठीत ‘सालोत्री’ म्हणतात तेही त्याच नावावरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कामांवर स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याची जागा त्याच्या लांबीच्या हिशेबाने किती असावी, व्यालेल्या घोडीला पहिले तीन दिवस तूप किती द्यावे, असा तपशील त्यात येतो. तबेल्यात माकड, मोर, मुंगूस, पोपट ठेवावेत असेही तो सांगतो. कंबोज आणि सिंधू या प्रदेशांतले घोडे तो उत्तम मानतो. दख्खनचे नाव त्या मानाच्या यादीत नाही.

ही उणीव समुद्राने भरून काढली. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यांवरून घोडे गलबतांत घालून चौल, दाभोळ, गोवा, भटकळ या बंदरांत उतरत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी हा व्यापार आपल्या मुठीत आणण्यासाठी जिवाचे रान केले, कारण विजयनगर आणि विजापूर ही दोन्ही राज्ये याच घोड्यांवर लढत होती. तेराव्या शतकात मार्को पोलोने दक्षिणेविषयी लिहिले आहे की, इथल्या राजांना घोड्याची निगा माहीत नसल्याने आणलेली जनावरे वर्षभरात मरतात, आणि व्यापारी मुद्दाम नालबंदांना इकडे येऊ देत नाहीत, म्हणजे खप कायम राहतो. या मजकुरात बंदरावरच्या गप्पांचा वास येतो. तरीही रखरखीत वाळवंटातला घोडा दमट किनाऱ्यावर आणून भलतेच काही चारले, तर तो फार दिवस जगत नसणार हे पटण्यासारखे आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि पावसाळाभर जुन्नरला अडकून पडला. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, त्यांना इथे चणे आणि तेल-साखर घातलेली खिचडी चारतात, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. खिचडीने तो चकित झाला असला, तरी हरभरा आणि गूळ-साखर ही दख्खनी घोड्याची चंदी पुढेही टिकली.

शिवाजी महाराजांच्या लष्करात घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यांची ती पागा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी अशी चढती रचना होती. सभासदाच्या बखरीनुसार दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. लष्करी रचनेचे कौतुक करताना या दोघांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण घोडा दिवसाला सहज तीस-चाळीस लिटर पाणी पितो, आणि दख्खनचा काळा दगड अनवाणी खूर काही दिवसांत झिजवून टाकतो. पाणी आणि नाल यांची माणसे तुकडीतच मिळाल्यामुळे त्या पंचवीस स्वारांना रोजच्या मुक्कामावर गावातल्या कुणाची वाट पाहावी लागत नव्हती.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारीवर निघायचे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीला परतायचे, हा रिवाज नद्यांच्या पुरांमुळे पडला तितकाच घोड्यांमुळेही. दसऱ्यापर्यंत वाटा वाळतात, रानात गवत तयार असते, खरिपाचे पीक हाताशी येऊ लागते. पावसाळ्यात मात्र चिखलात उभे राहून खूर कुजतात, पाठीला ओले जीन लागते, जखमा चिघळतात. म्हणून छावणीत दाणा, गवत, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली घरे आधीच तयार ठेवली जात.

ही बेगमी बिघडली की काय होते, याचा पुरावा म्हणजे महाराजांचे मे १६७३ मधले पत्र. चिपळूण तालुक्यात मुक्कामाला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी ते प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे, परंतु ओळीओळीने वाचले तर ते घोड्याच्या खुराकाचा हिशेब मांडणारे पत्र आहे. लष्कराचा मुक्काम चिपळूणला पडल्यामुळे पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत बरेचसे आधीच खर्ची पडले होते. गडांवरून धान्य देववून कशीबशी तजवीज केली होती. आता आहे तोवर मन मानेल तसे चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. रोजचा शिधा मोजून, साठा पावसाळ्याच्या शेवटापर्यंत पुरेल अशा बेताने वापरावा, हा त्याचा मतलब. दाणा संपला की माणसे कुणब्याच्या घरातून धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील हे त्यांना दिसत होते. कुणब्याचे हाल आणि घोड्याची उपासमार ही त्या पत्रात एकाच चुकीची दोन टोके आहेत.

पत्राचा पुढचा भाग आगीविषयी आहे. कोणी थंडी-पावसात शेकोटी करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, आणि गवत जवळ आहे, वारा सुटला आहे हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर जळती वात उंदीर ओढून नेईल. गवताची एक गंजी पेटली की सगळी छावणी जाईल आणि मग कितीही शिक्षा केल्या तरी गेलेले गवत परत मिळणार नाही. उंदराचा हा उल्लेख स्वतः गंजीजवळ रात्र काढलेल्या माणसालाच सुचावा. सुक्या गवताशेजारी उघडा दिवा नको, हा तबेल्याचा पहिला नियम आजही तसाच आहे.

पागेचा दिवस घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराच्या हातांनी सुरू होई. ठाणावरची लीद आणि ओले गवत काढायचे, घोड्याला खरारा करायचा, मग मालीश. खराऱ्याने घाम-धूळ निघते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोज अंगभर हात फिरल्यामुळे कुठे गाठ आली, कुठे जीन घासले, कोणता पाय गरम लागतो हे पहिल्याच दिवशी कळते. पाणी आधी, दाणा नंतर असा क्रम पाळत. हरभरा भरडून आणि भिजवून तोबऱ्यात देत, कुळीथ शिजवून. कोरडा हरभरा पोटात गेल्यावर फुगतो. ज्याच्या हातून ही चूक एकदा घडली, तो पुन्हा ती करीत नसे. हिरव्या चाऱ्यात हरळीला मान होता आणि ती मुळांसकट खणून, माती झटकून आणली जाई. लांबच्या दौडीनंतर किंवा थंडीत मिरी, हळद, लसूण, ओवा, गूळ, तूप यांचा मसाला चारण्याची चाल होती. तुपाने घोड्याला बळ येते या समजुतीत शास्त्र किती आणि मालकाची हौस किती, हे सांगणे अवघड आहे. सालोत्र्याची हत्यारे मोजकी होती: पोट साफ करणारी जुलाबाची औषधे, रक्त काढणे आणि लंगड्या पायावर डाग देणे. पुष्कळदा जनावर बरे होई ते डागामुळे नव्हे, तर डागाच्या जखमेसाठी सक्तीने मिळालेल्या विश्रांतीमुळे. नालबंद देशी पद्धतीने नाल न तापवता थंडच ठोकत. खूर दर महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून महिना-दीड महिन्याने नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावा लागे.

घोड्याच्या स्वभावाचे ज्ञान बांधण्याच्या पद्धतीत दिसते. नर घोडे खच्ची करण्याची चाल कमी असल्याने ओळीत उभे असलेले घोडे एकमेकांवर चालून जात. म्हणून पुढे दोन दोऱ्यांची आगाडी, मागच्या पायांना पिछाडी. घोड्याला आपल्या शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या चाहुलीला त्याचे उत्तर लाथ हे असते. त्याच्या मागून जाऊ नये, ही शिकवण म्हणूनच मराठीत म्हणीइतकी रुळली. मागच्या पायांचा दोर म्हणजे पायबंद, आणि घोड्याखेरीज इतर अनेक गोष्टींना तो आजही घातला जातो. खोगिरात कोंबायचा चिंध्या-गवताचा भरणा म्हणजे खोगीरभरती. तोबऱ्याला पुढे आणि लगामाला मागे असणारा माणूस तर प्रत्येक कचेरीत भेटतो.

घोडा निवडताना मात्र शास्त्रापेक्षा शकुनाचा जोर अधिक असे. गळ्यावरचे देवमण शुभ, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ, आणि अंगावर गोम असलेला घोडा अशुभ. केसांची उलटी ओळ म्हणजे ही गोम. चांगल्या दिसणाऱ्या व्यवहारात ‘एक गोम आहे’ असे म्हणतात ते त्यावरूनच. गोमेमुळे घोड्याच्या चालीत काडीचाही फरक पडत नाही, पण किमतीत पडे, आणि जाणता गिऱ्हाईक तिचा फायदा घेत असणार. केसांचे भोवरे जन्मभर बदलत नाहीत, त्यामुळे ओळख पटवण्याची खूण म्हणून ते उपयोगी होते. हजिरीच्या वेळी घोडा बदलून हलके तट्टू उभे करण्याची लबाडी रंग, खुणा आणि डाग यांच्या नोंदीने पकडता येई.

पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले आणि निगेचा भार सरकारकडून मालकाकडे सरकला. शिलेदाराला मोहिमेआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेला ‘नालबंदी’ म्हणत. घोडा मेला तर नुकसान त्याचेच. घोडा हीच त्याची सगळी दौलत असल्याने तो जनावराला जिवापाड जपे आणि त्याच कारणाने ऐन लढाईत त्याला पुढे घालताना कचरे. मराठी फौजांच्या ज्या सावधपणावर इंग्रज निरीक्षकांनी टीका केली, त्याचे एक मूळ या हिशेबात आहे. १७६०च्या अखेरीस पानिपतावर तर मोहिमांचे जुने वेळापत्रकच मोडले होते. फौज घरापासून दूर, एका जागी खंदकात अडकलेली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि दाणागोटा आटला. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडे रणात उतरले, ते आठवडेच्या आठवडे अर्धपोटी होते. दौड हेच ज्या फौजेचे बळ, तिच्या जनावरांत दौडीची ताकद उरली नव्हती.

१८१८ नंतर पागा मोडल्या. पुण्यातल्या पेशव्यांच्या हुजूर पागेच्या जागी १८८४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि घोड्यांचे ठाण तिच्या नावात राहिले. शिरूर तालुक्यातल्या आळेगाव पागा या गावाचेही तसेच. मुंबईच्या बाजारात अरबी घोड्यांबरोबर ऑस्ट्रेलियाचे वेलर येऊ लागले. घोड्याच्या आजारांकडे आता सूक्ष्मदर्शकातून पाहिले जाऊ लागले. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्सने डेरा इस्माईलखान इथे सर्रा झालेल्या जनावरांच्या रक्तात त्या रोगाचा परजीवी पाहिला. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा निघाली. तिथे आल्फ्रेड लिंगार्डने सर्रावर काम केले, आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. सर्रा रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि पावसाळ्याच्या सुमारास त्याचा जोर वाढतो. पावसाळी छावणी कोरड्या, उघड्या जागी हवी, या जुन्या आग्रहामागचे आणखी एक कारण असे उशिरा उमगले.

भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत देशी तट्टे आणि आयात केलेले घोडे यांच्या मिश्रणातून तयार झालेली भीमथडीची जात मात्र टिकली, आणि अलीकडच्या वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती सांभाळली धनगरांनी. अंगाने लहान, खुराने टणक ही तट्टे बिऱ्हाडाची भांडी, अंथरुणे आणि नवजात कोकरे पाठीवर घेऊन कळपांबरोबर चालतात. चंदी, मसाला, जीन यांचा लवाजमा त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. पुढच्या पायांना सैलसर दोर बांधून त्यांना चरायला सोडून देतात, आणि लहान जठराच्या जनावराला हवे तसे ती दिवसभर थोडे थोडे खात राहतात. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस लागण्याआधी पुन्हा देशावर चढतात.