मोटारीतील तबकडीवादक व धक्कारोधन

मोटारीतील तबकडीवादक व धक्कारोधन : धावत्या मोटारीत ध्वनितबकडी वाजत असताना रस्त्यावरील धक्क्यांमुळे तिचे वाचन करणारी सुई किंवा प्रकाशशलाका आपला मार्ग सोडते. त्यामुळे ध्वनी मध्येच तुटतो किंवा पुढेमागे उडी घेतो. या दोषास पथच्युती असे म्हणता येईल. तो टाळण्यासाठी योजिलेल्या यांत्रिक, प्रकाशीय व इलेक्ट्रॉनीय उपायांचा समावेश धक्कारोधनात होतो. या उपायांचा इतिहास १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू होतो. वाचक घटक मार्गावर अधिकाधिक घट्ट धरून ठेवावा, हे प्रारंभीच्या प्रयत्नांचे सूत्र होते. तो क्षणभर सुटणारच असे गृहीत धरून वाचनाची वेळ व श्रवणाची वेळ एकमेकींपासून अलग केल्यावरच या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले.

सुईचा काळ : अमेरिकेतील क्राइस्लर कंपनीने आपल्या १९५६ सालच्या मोटारींमध्ये ‘हायवे हाय-फाय’ नावाचा तबकडीवादक उपलब्ध करून दिला. दीर्घवादन तबकडीच्या विकासात प्रमुख वाटा असलेले सीबीएस प्रयोगशाळेतील अभियंते पीटर गोल्डमार्क यांनी त्याचा अभिकल्प तयार केला होता. त्याच्या तबकड्या सु. १८ सेंमी. व्यासाच्या असून त्या मिनिटाला १६ २/३ फेरे या मंद गतीने फिरत. खोबणी अतिशय बारीक व दाट असल्याने एका बाजूवर सु. ४५ मिनिटांचे संगीत मावत असे. मात्र या खास तबकड्या घरगुती वादकावर चालत नसत व घरच्या तबकड्या मोटारीत चालत नसत. निवडीस वाव थोडा आणि दुरुस्तीच्या तक्रारी अधिक, यांमुळे काही वर्षांतच ही योजना बंद पडली.

नंतरच्या वादकांत मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या प्रचलित तबकड्या वापरण्यात आल्या. आरसीए कंपनीच्या १९६० मधील वादकात चौदा तबकड्यांची चळत ठेवता येई. यूरोपात फिलिप्स कंपनीच्या ‘ऑटो मिन्यॉन’ या वादकात तबकडी फटीतून आत सरकविली जाई. या सर्वांची मूळ अडचण एकच होती. सुई खोबणीतून उडू नये म्हणून तिच्यावरील दाब वाढविला, की खोबणी लवकर झिजत व ध्वनीची प्रत घसरे. दाब कमी केला, की सुई पहिल्याच खड्ड्यावर उडे. या दोहोंमध्ये समाधानकारक मध्यबिंदू सापडला नाही.

फितीचा काळ : चुंबकीय फितीने हा प्रश्न सोडविला नाही, तर टाळला. फीत ही फिरता दंड व रबरी रूळ यांच्या पकडीत असते आणि वाचकशीर्षावर दाबलेली असते. त्यामुळे धक्का बसला, तर फार तर तिच्या गतीत किंचित फरक पडतो. फीत एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जात नाही. बिल लिअर यांनी पुढे आणलेली आठ-पथी फीतपेटी फोर्ड कंपनीने १९६६ सालच्या मोटारींत उपलब्ध केली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये सादर केलेली छोटी कॅसेट पुढे जगभर रूढ झाली. भारतातही १९८० च्या दशकात मोटारीतील संगीत म्हणजे प्रामुख्याने कॅसेटच होती. फितीचा खरखराट, तिचे ताणले जाणे व हवे ते गीत चटकन न सापडणे हे दोष श्रोत्यांनी पत्करले, कारण खराब रस्त्यावरही तिचे वादन अखंड राही.

काँपॅक्ट डिस्क : फिलिप्स व सोनी यांनी संयुक्तपणे विकसित केलेली काँपॅक्ट डिस्क ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. १९८४ मध्ये पायोनियर व सोनी या कंपन्यांनी मोटारीसाठी खास वादक बाजारात आणले. तबकडी पुन्हा मोटारीत आली आणि तिच्याबरोबर पथच्युतीचा जुना प्रश्नही आला. या वेळी सुई नव्हती व झीजही नव्हती. पण आता मार्ग अत्यंत अरुंद झाला होता.

डिस्कचा व्यास १२० मिमी. व जाडी १.२ मिमी. असते. तिच्यावरील खळग्यांची रांग सर्पिल असून लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर केवळ १.६ मायक्रॉन असते. मानवी केसाच्या जाडीत असे सु. चाळीस वेढे मावतील. वाचनासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीची लेसर शलाका भिंगाने या रांगेवर केंद्रित करतात. तबकडीचा पृष्ठभाग फिरताना सु. अर्धा मिमी. वरखाली झाला, तरी भिंगाचे केंद्रण दोन-एक मायक्रॉनच्या मर्यादेत राहावे लागते. हे काम सेवायंत्रणा करते. भिंग लवचिक आधारांवर टांगलेले असून लहान विद्युत् वेटोळी ते हलवितात. परावर्तित प्रकाश चौकोनी चार भागांच्या प्रकाशग्राहकावर पाडतात. केंद्रण अचूक असेल, तर प्रकाशाचा ठिपका गोल असतो; चुकले, तर तो लंबगोल होतो व त्यावरून दुरुस्तीची दिशा कळते. मार्गाच्या दोन्ही कडांवर पडणाऱ्या दोन उपशलाकांच्या साहाय्याने बाजूची चूकही अशीच ओळखता येते.

चूकदुरुस्तीची मर्यादा : डिस्कवरील माहिती रीड-सॉलोमन संकेतपद्धतीवर आधारित अशा रीतीने विखरून लिहिलेली असते, की सलग सु. २.५ मिमी. लांबीचा मार्ग वाचता आला नाही, तरी मूळ ध्वनी तंतोतंत परत मिळविता येतो. या गुणामुळे डिस्कला धक्क्यांचे भय नाही, असा अनेकांचा समज झाला होता. तो चुकीचा होता. मार्गाचा रेषीय वेग सेकंदाला १.२ ते १.४ मी. असल्याने २.५ मिमी. म्हणजे अवघा सु. दोन सहस्रांश सेकंद होतो. ओरखडा किंवा धुळीचा कण एवढ्यात ओलांडला जातो. पण धक्क्याने शलाका मार्गावरून ढळली, तर योग्य वेढा पुन्हा शोधण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चूकदुरुस्ती हा ओरखड्यावरील उपाय आहे, धक्क्यावरील नव्हे.

उलट, हे दोन दोष परस्परविरोधी मागण्या करतात. धक्क्याला तोंड देण्यासाठी सेवायंत्रणा जलद व जोरकस असावी लागते. परंतु अशी यंत्रणा ओरखड्याच्या खोट्या संकेतालाही तितक्याच तत्परतेने प्रतिसाद देते व शलाकेला स्वतःच मार्गावरून दूर नेते. तिची संवेदनक्षमता कमी केली, की ओरखडे सुसह्य होतात. पण धक्के असह्य होतात. सुईच्या दाबासंबंधीचा पूर्वीचा पेच नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

यांत्रिक निलंबन : मोटारीच्या वादकांत वाचनयंत्रणेचा सांगाडा स्प्रिंगांवर तरंगता ठेवतात व त्याचे आंदोलन शमविण्यासाठी दाट तेलाने भरलेले रबरी अवमंदक बसवितात. स्प्रिंगांवरील वस्तूची जी नैसर्गिक कंप्रता असते, तिच्या सु. १.४ पटीहून अधिक कंप्रतेच्या कंपनांपासूनच तिला संरक्षण मिळते. नैसर्गिक कंप्रतेच्या आसपास तर अनुस्पंदनामुळे कंपन वाढते. मोटारीचा सांगाडा सेकंदाला सु. १ ते २ वेळा व तिची चाके सु. १० ते १५ वेळा आंदोलित होतात. सर्व कंपने अडवायची, तर नैसर्गिक कंप्रता सेकंदाला एकाहूनही कमी ठेवावी लागेल. पण कंप्रता एक ठेवण्यासाठीच स्प्रिंग यंत्रणेच्या वजनाने सु. २५ सेंमी. दबावी लागते आणि मोटारीतील वादकाच्या प्रमाणित कप्प्याची उंची तर केवळ ५ सेंमी. असते. कंप्रता १० ठेवल्यास हे दबणे सु. २.५ मिमी. इतके कमी होते. त्यामुळे वेगवान कंपने निलंबनाकडे व मंद हेलकावे सेवायंत्रणेकडे, अशी कामाची विभागणी करावी लागली. या विभागणीतून चांगल्या रस्त्यावर अखंड वादन शक्य झाले. खडबडीत रस्ता मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहिला.

स्मृतिसंचयाचा उपाय : सोनी कंपनीने १९९२ मध्ये मिनीडिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्या वादकात आरंभापासूनच इलेक्ट्रॉनीय स्मृतिसंचय ठेवला होता. मिनीडिस्कवरील ध्वनी सु. एक-पंचमांश इतका संक्षिप्त केलेला असल्याने थोड्या संचयात अनेक सेकंदांचे संगीत मावे. हेच तत्त्व १९९० च्या दशकात काँपॅक्ट डिस्कच्या खिशातील व नंतर मोटारीतील वादकांत आले. यात तबकडी नेहमीच्या दुप्पट गतीने वाचून माहिती संचयात भरतात व तेथून ती ठराविक गतीने ध्वनिरूप करतात. संचय भरला, की वाचन थांबते. धक्क्याने शलाका ढळली, तरी श्रोत्यास संचयातील संगीत ऐकू येत राहते आणि तेवढ्या अवधीत शलाका आपली जागा शोधते.

जागा शोधणे हा यातील अवघड भाग होता. डिस्कवर प्रत्येक १/७५ सेकंदास वेळेची नोंद असते. पण ती ध्वनीच्या एकेका नमुन्याइतकी नेमकी नसते. म्हणून संचयातील शेवटचे नमुने नव्याने वाचलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात व ते जुळतात तेथेच सांधा जोडतात. काँपॅक्ट डिस्कमधून सेकंदाला १४,११,२०० बिट माहिती येते. त्यामुळे ४ मेगॅबिट संचयात जेमतेम ३ सेकंद व १६ मेगॅबिटमध्ये सु. १२ सेकंद मावतात. स्मृतिघटक महाग होते तोवर काही उत्पादक संचयात भरताना ध्वनी संक्षिप्त करीत. त्यामुळे अवधी वाढे, परंतु प्रत किंचित उतरे. एमपी३ तबकड्या आल्यावर सेकंदाला १,२८,००० बिट या दराने ४ मेगॅबिटमध्येच ३२ सेकंद मावू लागले. धक्के सलग व दीर्घकाळ बसत राहिले, तर कोणताही संचय अखेरीस रिता होतो, ही या उपायाची मर्यादा आहे.

निगा : जुन्या वादकातील पथच्युतीचे कारण नेहमी रस्त्यातच असते असे नाही. वादकाची मागील बाजू मोटारीच्या सांगाड्यास पट्टीने जखडलेली नसेल, तर तो पुढील चौकटीवर लोंबकळून अधिक कंप पावतो. सामानकक्षातील बहुतबकडी वादकात वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू काढावे लागतात व आडव्या किंवा उभ्या बैठकीनुसार स्प्रिंगांची जागा बदलावी लागते. हे राहून गेल्यास निलंबन निरुपयोगी ठरते. भिंगावरील धूळ व धुराचा थर परावर्तित प्रकाश क्षीण करतो. अवमंदकातील तेल गळणे व सरकत्या भागांवरील वंगण घट्ट होणे हे वयोमानाचे दोष होत. डिस्क पुसताना ती मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार पुसू नये. आडवा ओरखडा मार्गाला क्षणमात्र छेदतो. गोलाकार ओरखडा मात्र मार्गाबरोबरच जातो व चूकदुरुस्तीची मर्यादा ओलांडतो. घरी लिहिलेल्या तबकडीवर चिकटविलेला कागद तिचा तोल बिघडवितो व उन्हात तापल्यावर तिला वाक आणतो.

समारोप : स्मृतिसंचय स्वस्त होऊन धक्क्यांचा प्रश्न जवळजवळ सुटला, त्याच सुमारास हलते भाग नसलेली स्मृतिसाधने प्रचारात आली. २०१० नंतरच्या दशकात नव्या मोटारींतून तबकडीवादक क्रमशः नाहीसे होत गेले. तथापि त्याच्यासाठी रूढ झालेली रीत टिकून आहे. महाजालावरून येणारे संगीत मोटार बोगद्यात शिरल्यावरही काही काळ चालू राहते, ते आधीच साठविलेल्या काही सेकंदांच्या आधारावरच. ज्यांच्याकडे अद्याप तबकड्यांचा संग्रह व जुनी मोटार आहे, त्यांना मात्र वादकाचे निलंबन, भिंग व तबकडीचा पृष्ठभाग या तिहींची निगा स्वतःच राखावी लागते. कारण संचयातील सेकंद भरण्यासाठीही शलाकेला अधूनमधून निर्वेध मार्ग मिळणे आवश्यकच असते.